दोष कुणात?

आमच्या लॅबचं दार कुणी वाजवत नसे. चपला बाहेर, अत्तर लावून आत यायचं नाही, आणि खरं तर यायचंच नाही, अशी पाटीच होती दारावर. तरी त्या दुपारी कुणीतरी दोन बोटांनी टकटक केलं.

उघडून बघते तर पद्मावती मगदूम. शिरोळकडची बाई, सदतिशीची, अंगानं बारीक, डोक्यावर पदर, काखेत कापडी पिशवी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बीजं काढायची होती. ही तिसरी खेप, आणि शेवटची. यापुढे जमणार नाही, असं नवराबायकोनं आम्हाला आधीच सांगून टाकलं होतं.

"बाई, जरा बोलायचं होतं."

"डॉक्टर खाली बसलेत, पद्माताई."

"डॉक्टरांशी न्हाई. तुमच्याशीच."

मी डॉक्टर नव्हे. मी हेमांगी बावडेकर, एम.एस्सी. झालेली. त्या वर्षांत कोल्हापुरात असल्या कामाला काय म्हणायचं हेही लोकांना ठाऊक नव्हतं. आमचे गुळवणी डॉक्टर बाईच्या पोटातून बीजं काढून खिडकीतून माझ्याकडं देत. ती शोधायची, स्वच्छ करायची, सूक्ष्मदर्शकाखाली पारखायची, त्यांत पुरुषाचं बीज सोडायचं आणि पुढं गर्भ वाढतो का ते बघत बसायचं, हे माझं काम. माझे दीर मला 'अंडी मोजणारी' म्हणून चिडवत. पद्माताईंसमोर तो शब्द काढायची मात्र सोय नव्हती. मगदूम जैन. पहिल्याच भेटीत ती मला संकोचून म्हणाली होती, "बाई, आम्ही 'बी' म्हटलं तर चालंल न्हवं?" म्हटलं, चालेल की. तेव्हापासून आमच्यात 'बी'च चालत होतं.

मी तिला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं आणि शेजारी बसले.

"उद्याला दुसऱ्या पुरुषाचं बी घालायचं ठरलंय," ती म्हणाली. "ते तुम्हीच निवडतासा न्हवं?"

मला क्षणभर कळेना मी काय ऐकतेय.

"दुसऱ्याचं? का?"

"का म्हंजे? दोष ह्येंच्यात हाय न्हवं. दोन डाव गेले वाया. मीच म्हटलं, एकदा दुसऱ्याचं बघू. मालक राजी हाईत." आणि मग ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, जरा जास्तच वेळ. "एवढंच सांगायला आलते, की माणूस जरा शांत स्वभावाचा बघा. आमच्या मालकांसारखा."

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी आई म्हणते, आणि ते खरंच आहे. पण त्या दिवशी मी जीभ चावून गप्प बसले. कारण भूपाल मगदूमांचा नमुना मी स्वतः दोनदा बघितला होता. असा नमुना महिन्यातून एखादाच येतो. संख्या भरपूर, चाल सरळ, काही म्हणजे काही नाव ठेवायला जागा नाही. खोट होती ती बाईच्या बीजांत.

"बघते," एवढंच मी म्हणाले. ती उठली, पदर सारखा केला आणि जिना उतरून गेली.

आता ही खोट म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बीज बाहेरून सगळ्यांचं सारखंच दिसतं, गोल गरगरीत. भोवतीचे कापसासारखे पुंजके काढले की आतलं दिसायला लागतं. चांगलं बीज आतून नितळ असतं, एकसारखं. काहींच्या आत मधोमध काळसर, दाणेदार गोळा जमलेला असतो. काहींत पोकळ्या असतात. काहींत एक सपाट चकती दिसते, ती दिसली की मी ते बीज बाजूलाच ठेवते. काही पिकलेलीच नसतात. अशा बीजात पुरुषाचं बीज सोडलं तर ते घेतंसुद्धा, एकाचे दोन होतात, दोनाचे चार होतात, आणि मग सगळं थांबतं. याचं कारण सोपं आहे. पहिले दोन-तीन दिवस गर्भ आईच्या बीजातल्या शिदोरीवर जगतो. पुरुषाचा वाटा कामाला लागतो तो त्यानंतर. शिदोरीच नासकी असेल तर पुढं चालायचं कशाच्या जोरावर? पद्माताईंचे गर्भ दोन्ही खेपांना तिथंच थांबले होते, आणि गुळवणी सरांनी ते नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं.

नवऱ्याला. कारण आमच्याकडं रीतच तशी होती. बीजं काढली की बाई भुलीतून बाहेर यायची असते, पडद्याआड पडलेली असते. तेवढ्यात सर बाहेर येणार, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवणार आणि व्हरांड्यात उभ्याउभ्या सगळं सांगून मोकळे होणार. बाईला काय सांगायचं ते नवऱ्यानं ठरवायचं. बाईचं शरीर, बाईचं बीज, आणि बातमी नवऱ्याला.

मी तशीच खाली सरांच्या खोलीत गेले.

"सर, मगदूमांना दात्याचं बीज? कशासाठी?"

सरांनी चष्मा काढला. साठीचा, सज्जन माणूस. कुणाला दुखवायला नको म्हणून सगळ्यांना 'बरं' म्हणणारा.

"दोघांनी मिळून मागितलंय, बावडेकर. मी भूपालला बाजूला घेऊन म्हटलं, अरे बाबा, तुझ्यात काही नाही, सांग तिला. तर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, तिच्या मनासारखं होऊ दे."

"आणि तुम्ही हो म्हणालात? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा प्रकार आहे हा. दात्याचं घातलं तरी गर्भ थांबणार तो थांबणारच."

"दिसण्यावरून शंभर टक्के सांगता येत नाही."

"दोनदा तेच झालंय, सर."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. "नवऱ्याला सांगितलं, आपलं काम झालं. त्यांच्या घरातलं ते बघतील. तू आतलं बघ."

तळपायाची आग मस्तकाला गेली. पण नोकरी करणारी बाई मी, सरांशी किती भांडणार? म्हटलं, सर नाही तर नाही, भूपालअण्णांनाच धरते.

ते मागच्या आवारात कडुनिंबाखाली डबा सोडून बसले होते. उंचापुरा, सावळा माणूस, कपाळावर गंध. गावाकडं त्यांची रोपवाटिका होती. वांगी, मिरची, कोबीची रोपं करून विकायचे. मला बघून घाईनं उठले.

"बसा, बसा," मी म्हणाले आणि समोरच्या कट्ट्यावर टेकले. "अण्णा, मी सरळ विचारते. तुमच्यात दोष नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

त्यांनी घास तसाच डब्यात ठेवला. जिन्याकडं एकदा बघून घेतलं.

"माहीत हाय."

"मग बायकोला का सांगितलं नाही?"

त्यांनी डबा बाजूला सारला. मग हळूहळू बोलायला लागले, जमिनीकडं बघत.

"हिची थोरली बहीण हाय. तिला पोर झालं न्हाई. दोष तिच्यात निघाला आणि नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडली. अजून तिथंच हाय. भावजयीच्या हाताखाली भांडी घासती. कुणाच्या ओटीला तिला बोलवत न्हाईत, का पाळण्याला बोलवत न्हाईत. पद्मानं ते डोळ्यानं बघितलंय, बाई. पहिल्यांदा तपासायला निघालो तवा एसटीत मला म्हणाली, माझ्यात निघालं तर मी परत घरात पाय ठेवणार न्हाई, माहेरीच उतरणार. हसत हसत म्हणाली. पण मी वळखतो तिला."

"म्हणून तुम्ही स्वतःवर घेतलंत."

"आईचा स्वभाव बी जरा कडक. दोष सुनंत हाय म्हटलं असतं तर घरात काय झालं असतं, सांगता येत न्हाई. पण दोष ल्योकात हाय म्हटल्यावर काय करणार? मला कुठं धाडणार ती?" आणि ते चक्क हसले. "लोकं बोलतात माझ्या माघारी. बोलूदे की. माझं काय झिजतंय?"

खरं सांगते, तो माणूस मला त्या क्षणी फार आवडला, आणि त्याच क्षणी त्याला दोन शिव्या हासडाव्यात असंही वाटलं.

"अण्णा, तुमच्या वाफ्यात रोप उगवत नाही. बी खराब आहे, तुम्हाला ठाऊक आहे. तर तुम्ही काय, पाणी बदलता?"

ते डब्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"आणि दुसरं सांगा. उद्या परक्या पुरुषाचं बीज घातलं आणि तरीही गर्भ थांबला, तर पद्माताई काय समजतील? दोष तुमच्यात होता, तुमचं काढून टाकलं, तरी झालं नाही. मग दोष कुणात राहिला?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चार वर्षं सांभाळलेलं ते सगळं एका दुपारीत कोसळणार होतं, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं त्याची तयारी केली होती.

"हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई," ते हळूच म्हणाले.

"आता आलंय ना? मग सांगा तिला. हवं तर दुसऱ्या बाईचं बीज घेता येतं, सरांनी तुम्हाला सांगितलंय. मूल तुमचं होईल, पोटात ती वाढवेल. पण तिला कळल्याशिवाय तिच्यासाठी दुसरीचं बीज घेणार कसं?"

"न्हाई जमायचं मला." त्यांनी डब्याला झाकण लावलं. "दहा डाव मनात म्हणून बघितलं, बाई. तोंडातून निघतच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी बीजं काढली. सात मिळाली. व्हरांड्यात कुणाला तरी 'सात' ऐकू गेलं असावं, कारण थोड्या वेळानं आमची आया पेढ्यांचा पुडा घेऊन आली, मगदूमांनी दिले म्हणाली. आकडा ऐकून पेढे वाटणारे मी खूप बघितलेत. बिचाऱ्यांना काय ठाऊक, की सात म्हणजे सात मुलं नव्हेत.

मी एकेक साफ करून काचेखाली घेतलं. दोन कच्चीच होती. तिघांच्या पोटात तोच काळसर दाणेदार गोळा. एकात चकती. सातवं बघायच्या आधी मी मान मोकळी केली, हात पुसले. सातवं नितळ होतं. अगदी निखळ नाही म्हणणार, कडेला जरा जास्त मोकळी जागा होती, पण नितळ. सात जणींत एक शहाणी. इतका आनंद झाला मला की एकटीच हसले.

आणि मग आठवलं, की या एकुलत्या एका चांगल्या बीजात मला परक्याचं बीज सोडायचंय. गोठवलेल्या बीजांच्या टाकीतून दात्याची नळी बाहेर काढायची वेळ होत आली होती. हे बीज फार तर दुपारपर्यंत थांबणार. त्यानंतर ते म्हातारं होत जातं, मग त्याच्यापुढं काहीही नेऊन ठेवा.

मी झाकण लावलं, बीजं उबेच्या पेटीत ठेवली आणि लॅबमधून बाहेर पडले. सरांनी आतलं बघ म्हणून बजावलं होतं. पण ज्या बाईचं ते बीज होतं ती बाई बाहेर होती.

पद्माताई पडद्याआड कुशीवर पडली होती. जागी होती. मी स्टूल ओढून बसले.

"पद्माताई, तुमच्या बियांबद्दल बोलायचंय. डॉक्टर नवऱ्याला सांगतात, मी तुम्हाला सांगायला आलेय. सात निघाली. त्यांतली सहा..."

"खराब हाईत," ती म्हणाली.

मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"ठाव हाय मला, बाई. पहिल्यापासनं ठाव हाय. पहिल्या डावाला मी अशीच पडले होते. डोळे उघडत नव्हते, पण कान उघडे होते. पडद्यापलीकडं डॉक्टर ह्येंना सांगत होते, बायकोची बीजं चांगली न्हाईत म्हणून. सगळं ऐकलं मी. आणि मग हे आत आले, माझ्या केसांवरनं हात फिरवला आणि म्हणाले, पद्मा, दोष माझ्यात निघाला गं, मला माफ कर." तिनं उशी पोटाशी ओढली. "मी काय बोलणार? तवा डोळे मिटूनच घेतले."

"चार वर्षं?"

"चार वर्सं. लोकं ह्येंना नाही नाही ते बोलली. चुलत दिरानं भर पंगतीत चेष्टा केली. आत्या, म्हंजे सासूबाई, उठता बसता टोमणे मारायच्या, ते बी ह्येंनाच. आणि मी पलीकडं भाकऱ्या थापत बसायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, पण मार खायचे ते, आणि तोंड दाबून बसायची मी. कितीदा वाटलं, बोलून टाकावं. पण मग वाटायचं, ह्येंनी एवढं सोसलंय ते माझ्यासाठी, ते मी पाण्यात कसं घालू?"

"मग परक्या पुरुषाचं बीज कशाला मागितलंत?"

ती उठून बसायला लागली. मी हात दिला.

"म्हटलं, आता तरी खरं बोलतील. पुरुष माणूस हाय. दुसऱ्याचं बी म्हटल्यावर उसळून उठतील, म्हणतील, माझं चांगलं असताना दुसऱ्याचं कशाला? ते म्हणाले की मी बी म्हणणार होते, की व्हय, मला ठाव हाय. सगळं जुळवून ठेवलं होतं मनात." तिनं पदर डोळ्यांना लावला. "तर ते म्हणाले, बरं. तुझ्या मनात असंल तर तसं करू. आणि बसले जेवायला. मी बघतच राहिले त्येंच्याकडं. आता थांबवू कशी? म्हणून काल तुमच्या दारात आले. म्हटलं, ही बाई फटकळ हाय, हिच्या तोंडून तरी निघंल."

हसावं की रडावं मला कळेना. एक सरांपुढं हात जोडतोय, तिच्या मनासारखं होऊ दे म्हणून. दुसरी माझ्याच तोंडातून काढून घ्यायला आली होती. आणि तिकडं लॅबमध्ये एकच नितळ बीज वाट बघत होतं.

मी उठले, पडदा सरकवला आणि व्हरांड्यात बसलेल्या अण्णांना हाताला धरून आत आणलं.

"बसा इथं," मी म्हणाले. "तुम्हा दोघांना मी एकदाच सांगणार. अण्णा, यांना सगळं ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून. पद्माताई, तुम्हाला ठाऊक आहे हे यांना ठाऊक नव्हतं. तुम्ही दोघं एकमेकांना इतकं जपताय, की मधे मूल यायला जागाच ठेवली नाहीत. आता दहा मिनिटं बोला, भांडा, काय करायचं ते करा, आणि बीज कुणाचं वापरायचं ते मला सांगा. मी बाहेर उभी आहे."

आणि मी पडदा ओढून बाहेर आले. खरं सांगते, कान आतच होते माझे.

आत आधी खाट करकरली. मग अण्णांचा आवाज.

"पहिल्यापासनं?"

"व्हय."

"मग अशोक्या पंगतीत मला बोलला तवा बी?"

"तवा बी."

"आणि तू मला आणखी एक चपाती वाढलीस."

"मग काय करू? वरनं तूप बी वाढलं होतं."

आणि ते हसायला लागले. आधी ते, मग तीही. हसता हसता तिचं रडणं सुरू झालं ते मला कळलं, आणि त्यानंतर आतून फक्त "असूदे गं, असूदे" एवढंच येत राहिलं. आया पेढ्यांचा पुडा घेऊन येत होती, तिला मी खुणेनंच परत पाठवलं.

पडदा सरकला. पद्माताईच बाहेर डोकावली.

"बाई, ह्येंचंच घाला. झालं तर झालं. न्हाई तर पुढचं पुढं बघू."

अण्णांचा नमुना घेतला. त्या नितळ बीजात मी त्यांचं बीज सोडलं, तेव्हा मनात मी सगळ्या देवांची नावं घेत होते. बाकीची पिकलेली होती त्यांतही सोडलं. चकतीवालं मात्र बाजूला ठेवलं. त्याचं काय होतं ते मी बघितलेलं होतं आधी.

दुसऱ्या दिवशी नितळ बीजाचा गर्भ दोन पेशींचा झाला होता, त्यानंतरच्या दिवशी चार. छान, समसमान. मी सरांना बोलावून दाखवला. सर म्हणाले, "बघू." त्याच्या पुढच्या सकाळी पेटीचं दार उघडून बघितलं तर चारच होत्या. दुपारीही चारच. बाकीचे तर आधीच तुकडे तुकडे झाले होते. मी खुर्चीवर बसून राहिले. वाईट वाटलं. रोजचं काम असलं तरी वाईट वाटतं, आणि ज्याला वाटत नाही त्यानं हे काम करू नये.

गर्भ पोटात सोडायचा म्हणून ते दोघं त्या दुपारी येऊन बसले होते. सर उठून व्हरांड्यात निघाले, सवयीनं, नवऱ्याला गाठायला. मी दारात आडवी आले.

"सर, या वेळी दोघांना आत बोलवा. आणि तिला आधी सांगा."

सरांनी माझ्याकडं बघितलं. रागावतील असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, "बोलाव."

पद्माताई समोरच्या खुर्चीवर बसली, अण्णा शेजारी. सरांनी तिच्याकडं बघून सांगितलं. एक बीज चांगलं वाटत होतं, गर्भ झाला, पण वाढ थांबली, सोडण्यासारखं काही राहिलं नाही. हे बीजामुळे आहे आणि हे कुणाच्या वागण्यानं, खाण्यानं, पापानं होत नाही. ती मान हलवत ऐकत होती. डोळे भरले, पण नजर खाली गेली नाही.

"म्हंजे दुसऱ्या बाईचं बी घेतलं तर?" तिनंच विचारलं.

"तर शक्यता चांगली आहे. तुमची गर्भपिशवी उत्तम आहे. पण ही शेवटची खेप म्हणाला होतात."

"ती माझ्या बियांची शेवटची." तिनं नवऱ्याकडं बघितलं. "काय म्हणतासा?"

"तू म्हणशील ते," अण्णा म्हणाले.

"ते न्हाई चालायचं आता. तुमच्या मनातलं सांगा."

अण्णा जरा घुटमळले. मग म्हणाले, "मला पाहिजे पोर. तुझ्या पोटचं."

"मग घेऊ," ती म्हणाली.

पुढं ते झालं. वर्षभरानं झालं, आणि नीट झालं. त्यांची मुलगी आता कॉलेजला जाते. पण त्या दुपारी यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. त्या दुपारी त्या खोलीत चौघं जण होतो, हातात काही नव्हतं, आणि अण्णांच्या खिशातला फोन वाजला.

त्यांची आई. म्हातारीला ऐकायला कमी येत असावं, कारण ती फोनवर ओरडूनच बोलायची, आणि आम्हा सगळ्यांना स्पष्ट ऐकू येत होतं.

"काय झालं रं, भूपाल?"

"न्हाई झालं, आई."

"पुन्हा तुझ्यातच निघालं काय?"

अण्णांनी तोंड उघडलं. चार वर्षांची सवय. 'व्हय' ओठांवर आलंच होतं. पद्माताईनं त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"आत्या, मी बोलते. ह्येंच्यात दोष न्हाई. कधीच नव्हता. माझ्यात हाय. ह्येंनी माझ्यासाठी स्वतःवर घेतला होता. आता तुम्हाला काय बोलायचं ते मला बोला."

अण्णा फोनकडं हात करून म्हणत होते, "आई, दोघांत हाय, दोघांत," आणि ती एका हातानं त्यांना मागं सारत होती. सर टेबलावरचा कागद उगीच सरळ करत बसले. पद्माताईची बहीण अजून माहेरी भांडी घासत होती, आणि ही इकडं स्वतःच्या तोंडानं सांगून बसली होती.

फोन बंद पडला की काय असं वाटायला लागलं. मग म्हातारीचा आवाज आला, आणि या वेळी ती ओरडत नव्हती, त्यामुळे आम्हाला वाकून ऐकावं लागलं.

"म्हंजे माझं काय चुकलं नव्हतं?"

"तुमचं काय चुकणार, आत्या?"

"मी म्हटलं, ह्यो पोटात असताना माझंच काय तरी चुकलं असंल. म्हणून ल्योक असा निपजला. त्याला टाकून बोलायची ती उगीच, माझ्या मनाचा ताप. मंदिरात जाऊन नियम घेतला मी, गूळ सोडला. चार वर्सं झाली, गूळ खाल्ला न्हाई. कुणाला सांगितलं न्हाई."

पद्माताई फोन कानाशी धरून तशीच उभी होती. अण्णांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, आणि तो उंचापुरा माणूस आमच्यासमोर मोठ्यानं रडायला लागला.

"आत्या," ती म्हणाली, "आम्ही निघालोय. चहा टाकून ठेवा. तिघांचा. गुळाचा टाका."